दाजींचा हर्निया, माझा हर्निया

दाजींना आणि मला एकाच वर्षी हर्निया झाला, तोही उजव्याच बाजूला. दाजी इंग्लंडात लेस्टरला, मी जिल्ह्याच्या गावी. माझं ऑपरेशन सिव्हिलमध्ये उरकलं, टाकेही निघाले, तरी दाजी आपले ‘लिस्टवर’च. एनएचएस, म्हणजे तिकडची सरकारी आरोग्यसेवा, जगात भारी, हे आम्हाला वर्षानुवर्षं ऐकवणाऱ्या माणसाला “या इकडं, आमच्या सिव्हिलला सांगून ठेवतो” म्हणण्यात काय सुख असतं, ते मेहुण्यांनाच कळेल. दाजी चिडले. “एका हर्नियावरून देश ठरवतोस? आकडे काढ, आकडे.” उभी नोकरी बँकेत काढलेल्या माणसाला हे सांगायचं! मला वाटलं, रविवारच्या जेवणाआधी निकाल लावून टाकू.

सुरुवात मृत्युदरापासून केली. दवाखाने चांगले तर माणसं कमी मरणार, सरळ हिशोब. 2019 साली भारतात हजार लोकांमागे 6 मृत्यू, ब्रिटनमध्ये 9. आपण जिंकलो! लगेच भाचीला फोन लावला. ती पीएसएममध्ये एमडी करते आहे. पीएसएम म्हणजे रोग्याऐवजी अख्खं गाव तपासणारी डॉक्टरकी, एवढं मला कळतं. ती हसली आणि म्हणाली, “मामा, वृद्धाश्रमात कॉलेजच्या होस्टेलपेक्षा जास्त माणसं जातात, म्हणून होस्टेलची मेस चांगली ठरते का?” ब्रिटनमध्ये म्हाताऱ्या माणसांचं प्रमाण आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. दोन्हीकडची वयं सारखी धरून मग दर काढायचा असतो. त्याला ती काहीतरी ‘प्रमाणित’ म्हणाली. मी वहीत ‘वयाचं सपाटीकरण’ असं लिहून घेतलं आणि विजयाची बातमी दाजींना कळवायची राहू दिली.

मग म्हटलं, जिथं दाजींना दुखतंय तिथंच बोट ठेवू. इंग्लंडचा नियम असा की, जीपीनं, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरनं, पुढं पाठवल्यापासून 18 आठवड्यांच्या आत 92 टक्के रुग्णांवर उपचार सुरू झाले पाहिजेत. 2016 पासून हे जमलेलं नाही. 2023 च्या सप्टेंबरात यादी 77 लाखांवर गेली होती. “सत्त्याहत्तर लाख माणसं लटकलीत!” मी घरात जाहीर केलं. ती माणसं नव्हेत, केसेस, हे भाचीनं सांगितलं. एकाच माणसाचा गुडघाही यादीत आणि डोळाही, असं असतं. माणसं मोजली तर 65 लाखांच्या आसपास. बरं, आपल्याकडची यादी? तिकडं महिन्याच्या महिन्याला आकडा छापतात म्हणून मला तो चेष्टेला मिळाला. आपल्याकडं देशभराची अशी यादीच निघत नाही. आपली रांग केसपेपरच्या खिडकीपासून व्हरांड्यात वळून झाडाखाली जाते. मी स्वतः तिच्यात उभा होतो, पण ती मोजायची असते हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

आता तयार गुणपत्रिकाच शोधायची ठरवलं. अमेरिकेतल्या कॉमनवेल्थ फंडाच्या 2014 च्या अहवालात ब्रिटन पहिला. त्याच अहवालात ‘लोकांचं आयुष्य किती निरोगी’ या विषयात ब्रिटन 11 देशांत दहावा! सेवा पहिल्या नंबरची आणि तब्येत खालून दुसऱ्या नंबरची, हे कोडं मी बराच वेळ सोडवत बसलो. दारू, सिगारेट, खाणं, गरिबी यांचाही हात तब्येतीवर असतो, सगळंच काही दवाखान्याच्या खात्यावर टाकता येत नाही, एवढं शेवटी उमजलं. मग त्या यादीत भारत कितवा आहे ते वरून खाली, खालून वर शोधलं. तो अहवाल 11 श्रीमंत देशांपुरताच होता.

भाचीला दया आली असावी. तिनं ‘लॅन्सेट’मधला 2018 सालचा एक अभ्यास पाठवला. त्यातली युक्ती मला फार आवडली. वेळेवर बरे उपचार मिळाले तर ज्यांनी माणूस सहसा मरू नये, अशी 32 कारणं घ्यायची आणि त्यांनी किती माणसं दगावतात ते बघून 100 पैकी गुण द्यायचे. क्षयरोग, धनुर्वात, बाळंतपण, अपेंडिक्स... आणि चक्क हर्निया! आतडं अडकून पीळ पडला आणि गाडी मिळाली नाही, तर हर्नियानंही माणूस जातो. 2016 साठी ब्रिटनला 90.5 गुण, 195 देशांत नंबर 23. भारताला 41.2, नंबर 145. मी वही मिटणार होतो, तेवढ्यात खालचा मजकूर दिसला: गोवा आणि केरळ 60 च्या वर, उत्तर प्रदेश आणि आसाम 40 च्या खाली. मातामृत्यूचंही तेच. 2018-20 मध्ये लाख जिवंत जन्मांमागे केरळात 19, महाराष्ट्रात 33, आसामात 195. दाजींशी मी नेमक्या कुठल्या भारताच्या वतीनं भांडत होतो?

राहता राहिला पैसा. इथं मी निर्धास्त होतो. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत आणि सिव्हिल त्यात येतं. दाजींनाही सगळं फुकट; इंग्लंडात साठी ओलांडल्यावर गोळ्यांचेसुद्धा पैसे पडत नाहीत. म्हणजे बरोबरी. “आणि जाळीचं बिल?” आतून हिनं विचारलं. हर्नियात आत बसवायची जाळी स्टोअरला शिल्लक नव्हती. सिस्टरनं चिठ्ठी दिली, मुलगा समोरच्या मेडिकलमधून घेऊन आला. ते बिल माझ्या त्या दिवशीच्या शर्टाच्या खिशात होतं, धुऊन निम्मं पुसलेलं. भारतात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चापैकी 39.4 टक्के लोक स्वतःच्या खिशातून करतात, हा 2021-22 चा सरकारी आकडा मी सकाळीच वहीत उतरवला होता. त्यात आपणही आहोत, हे हिनं सांगेपर्यंत लक्षात आलं नाही.

मुलगा जाळी आणायला गेला, तपासणीची बाटली लॅबमध्ये देऊन आला, स्ट्रेचर एका बाजूनं त्यानंच ढकललं आणि रात्री माझ्या कॉटखाली चटई टाकून झोपला. दाजींना विचारलं, तुमच्याजवळ मुक्कामाला कोण थांबणार? त्यांना प्रश्नच कळेना. तिकडं हर्नियाचा माणूस सहसा संध्याकाळी घरी जातो. मुलाची ती कामं कुठल्या रकान्यात मांडायची, म्हणून भाचीला विचारलं. ती म्हणाली, “रकानाच नाहीये.”

शेवटी तिनंच एक कागद काढला. 2009 ते 2017 या काळात इंग्लंडमध्ये जांघेतल्या हर्नियाच्या रुग्णांना ऑपरेशनच्या आधी आणि नंतर काही महिन्यांनी एक फॉर्म भरायला देत: चालता येतं का, स्वतःचं आवरता येतं का, नेहमीची कामं होतात का, दुखतं का, मनाला घोर आहे का, आणि आज तब्येतीला 100 पैकी किती गुण द्याल. दवाखान्याच्या कारभाराचा निकाल रुग्णालाच विचारायचा! दाजींच्या वेळेपर्यंत हर्नियासाठी ते बंद झालं होतं. मला तर टाके काढणाऱ्या ब्रदरनं “पुढचा” एवढंच म्हटलं होतं.

“मामा, आपण भरू तुझा,” भाची म्हणाली. मी चष्मा लावून गंभीरपणे बसलो. चालता येतं, आवरता येतं, दुखत नाही. गुणांच्या जागी 90 लिहिले.

“नव्वद?” ही म्हणाली. “आणि काल सिलिंडर आत घ्यायला शेजारच्या पोराला हाक कुणी मारली?”

मी खोडून 70 केले. दाजींना अजून कळवलेलं नाही.