दोन बंदरांच्या मधलं गाव

जुन्या सहा नंबरच्या राष्ट्रीय महामार्गाचं एक टोक सुरतेजवळ हजिऱ्याला, दुसरं कोलकात्याला. म्हणजे दोन्हीकडे बंदर. मधे धुळं, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, रायपूर. अमरावती सोडून नागपूरकडे निघालं की रस्त्याला लागूनच आमचं गुरुकुंज मोझरी. समुद्र कुठल्याही दिशेनं शेकडो मैल लांब, पण त्याचा माल आमच्या दारावरून जायचा.

शाळा सुटली की आम्ही पोट्टे रस्त्याकाठच्या निंबाखाली बसून ट्रकांच्या नंबरपाट्या वाचायचो. डब्ल्यूबी म्हणजे बंगाल, ओआर म्हणजे ओरिसा, जीजे म्हणजे गुजरात. ताडपत्रीखाली काय असेल यावर पैजा लागायच्या. खरं-खोटं करायला कुणी ताडपत्री उचलून दाखवणार नव्हतं, त्यामुळं हरत कुणीच नसे. हॉर्नवरून ट्रक कुठल्या मुलखातला ते सांगता येतं, असाही आमचा दावा होता.

पाण्याची कथा तशीच. अमरावती जिल्ह्याच्या पश्चिमेला पडलेला पाऊस पेढी-पूर्णेतून तापीला मिळतो आणि हजिऱ्यापाशी अरबी समुद्रात उतरतो. पूर्वेकडचं पाणी वर्धेला. ती वैनगंगेला भेटून प्राणहिता होते, गोदावरीत शिरते आणि बंगालच्या उपसागराला जाते. वाळू बघायची तर आम्ही कौंडण्यपूरला जायचो, रुक्मिणीच्या माहेरी. वर्धेच्या त्या वाळूत बांधले तेवढेच आमचे किल्ले.

भरती मात्र वर्षातून एकदाच यायची, आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास. तुकडोजी महाराजांनी 1935 साली इथं आश्रम उभारला, 11 ऑक्टोबर 1968 ला देह ठेवला. त्यांच्या पुण्यतिथीला सगळा विदर्भ लोटतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, यवतमाळ, पलीकडून मध्य प्रदेशातले लोक. कुणी पायी पालखीसोबत, कुणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, बाकीचे एसटीनं. डोक्यावर भगवी टोपी, काखेत खंजिरी. शेतात सोयाबीन निघालेलं, पऱ्हाटीची बोंडं फुटायला लागलेली. असे ऐन हंगामाचे दिवस टाकून माणसं येतात, याचं मला आजही नवल वाटतं. मजुरी बुडते, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

विदर्भाचा नकाशा मी पुस्तकाआधी लाऊडस्पीकरवरून शिकलो. ‘चिमूरच्या मंडळींनी स्वयंपाकाकडे यावं’, ‘वरोऱ्याहून आलेला एक मुलगा मंडपापाशी रडतो आहे, घरच्यांनी घेऊन जावं’. परका माणूस दिसला की आधी त्याचं गाव विचारायचं, ही बंदरावरच्या लोकांची सवय आम्हाला त्याच दिवसांत लागली. ‘कोणतं गाव जी?’ एवढं म्हटलं की समोरचा माणूस खाली बसून पाऊसपाण्यापासून सांगायला लागायचा.

रात्री दव पडलं की खंजिरीचं कातडं सैल होतं, आवाज बसतो. मग भजनाआधी पऱ्हाट्यांचा छोटा जाळ करायचा आणि गोल धरून बसायचं. खंजिरी जाळावर आडवी धरून हळूहळू फिरवायची, मधेच बोटानं टिचकी मारून ऐकायचं. टिचकी ‘ठप्प’ वाजली तर अजून थोडं. ‘टण्’ झाली की लगेच बाजूला, नाहीतर कातडं तडकतं. हे काम आम्हा पोरांना कधी कुणी करू दिलं नाही. काड्या आणून टाकायच्या, एवढाच आमचा मान. एका पाठोपाठ एक खंजिऱ्या तापत जायच्या आणि जाळाभोवती सगळीकडून टिचक्या ऐकू यायच्या. भजनापेक्षा मला हीच तयारी जास्त आवडायची, हे घरी सांगायची सोय नव्हती.

मुख्य दिवशी दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. तेवढा वेळ एवढ्या अफाट गर्दीत खोकलासुद्धा ऐकू येत नाही. मौन संपलं की सगळ्या धर्मांच्या प्रार्थना सुरू होतात. ज्या भाषेतला एक शब्द कळत नव्हता, तिची चालही आम्हाला तोंडपाठ झाली होती.

आमच्या ओसरीवर दरवर्षी झाडीपट्टीतल्या एक आजी आपल्या घोळक्यासह उतरायच्या. येताना गठुड्यात घरचा तांदूळ. आल्या आल्या आईच्या सुपात ओतायच्या, सूप भरून सांडेस्तोवर. आईला तो तांदूळ बारीक लागायचा, पण बोलायची नाही. निघताना ती तुरीची डाळ बांधून द्यायची. ‘एवढी कायले वो बाई?’ म्हणत आजी निम्मी काढून ठेवायच्या, आई पुन्हा घालायची. गोपाळकाला झाला की गाव रिकामं व्हायला लागायचं. मंडपाचे वासे निघायचे, सुतळ्या गोळा करायला आमची झुंबड. आजींचं गठुडं मात्र आलं होतं त्याहून मोठं झालेलं. आत डाळ, काल्याचा प्रसाद, आमच्याकडची संत्री, नातवासाठी घेतलेली छोटी खंजिरी. ते एसटीत चढवायला मी खालून रेटायचो.

कंडक्टर म्हणाला, ‘आजी, गठुड्याचं तिकीट लागते.’

‘मंग त्याले बसाले सीट दे,’ आजी म्हणाल्या आणि गठुडं खिडकीजवळ ठेवून स्वतः उभ्या राहिल्या.