ओट्यापुढचा पाट

माणसाला सल्ला द्यायची जितकी हौस असते, तितकी विचारायची नसते. त्यातून तो प्राध्यापक असेल तर बोलायलाच नको! मी कॉलेजात मराठी शिकवतो. तेव्हा हा दोष माझ्यात पगारी स्वरूपात आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही घाटकोपरच्या घरातले स्वयंपाकघर नवे केले. ग्रॅनाइट मी निवडला, कपाटांचा रंग पत्नीने आणि ओट्याची उंची कंत्राटदाराने. काम झाल्यावर आईला मोठ्या ऐटीत दाखवले. "छान झालंय हो," ती म्हणाली. महिन्याभराने ओट्यापुढे एक पाट दिसला.

"आई, हा इथं कशाला?"

"अरे, त्यावर उभं राहिलं की हात नीट पोचतो."

आदल्याच दिवशी पाट सरकून तिचा तोल गेला होता, हे पत्नीने मागाहून सांगितले. मी जरा रागानेच आईला म्हटले, "मग आधी बोलली का नाहीस?"

"विचारलं कुणी?" आई शांतपणे म्हणाली.

माझे कॉलेज मुलुंडला. गाडीने घाटकोपर सोडले की पुढचे स्टेशन विक्रोळी. १८९७ साली कुलपांपासून सुरू झालेल्या गोदरेजचा मोठा पसारा तिथलाच. त्या दिवशी विक्रोळी आले आणि मला 'छोटुकूल' आठवला.

ज्यांच्या घरी फ्रिज नाही, त्यांच्यासाठी स्वस्त फ्रिज करायचे या कंपनीने मनात आणले. सोपा मार्ग म्हणजे मोठा फ्रिज आटवून लहान करायचा. पण मंडळी आधी खेड्यांत गेली. २००८ मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, सुमारे ६०० बायकांना जमवून त्यांच्यापुढे नमुने ठेवले. रंगापासून आतल्या मांडणीपर्यंत त्यांचे मत घेतले. वीज बेभरवशाची, जागा अपुरी, आणि गार ठेवायचे ते काय, तर थोडे दूध नि चार भाज्या! यातून तयार झाली ती वस्तू फ्रिजपेक्षा डब्यालाच जवळची. सुमारे ४५ लिटर मावतील एवढी, वजनाला ८ किलोंच्या आत, कॉम्प्रेसर नाही, १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालणारी. झाकण वरच्या बाजूला, म्हणजे उघडले तरी जड गार हवा आतच राहते. किंमत सव्वातीन हजारांच्या घरात. उद्योगजगतात या पद्धतीला 'सहनिर्मिती' म्हणतात. कंपनीत इंजिनियर पुष्कळ असतात; पण वीज गेल्यामुळे नासलेले दूध पोरांपुढे कसे ठेवावे, ही चिंता त्यांतल्या कितीजणांनी केलेली असणार?

गोष्ट इथेच संपली असती तर व्याख्यानाला बरी पडली असती. पण खेड्यांत छोटुकूल अपेक्षेइतका खपला नाही. मत देणे वेगळे आणि पैसे मोजणे वेगळे! पुढे तो छोट्या दुकानदारांच्या, मोटारीने प्रवास करणाऱ्यांच्या उपयोगी पडू लागला आणि कंपनीनेही आपला मोहरा शहरांकडे वळवला. म्हणजे एकदा विचारून भागत नाही. विचारणे हा साखरपुडा नव्हे. तो संसार आहे.

संध्याकाळी घरी येताच मी आईला विचारले, "ओटा किती खाली हवा?"

ती हसली. "असं तोंडानं कसं सांगू? काम करून बघायला हवं."

मग मी माळ्यावरचे जुने दिवाळी अंक काढले, त्यांच्या दोन चळती रचल्या आणि वर फळी टाकली. आई परात घेऊन आली. मी चळती आणखी उंच करू लागलो, तशी ती म्हणाली, "अरे, थांब!" आणि खुर्ची ओढून चक्क बसली. कणकेत हात घालून म्हणाली, "उंच होतंय. दोन-दोन अंक काढ." मी काढले. "आता एकेक घाल."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला ओटा खाली नकोच होता. तिला बसून काम करायचे होते. गुडघे तिचे दुखत होते आणि उंचीचा प्रश्न मी माझ्या मनाने काढला होता! विचारले, तेही चुकीचे!

पुढच्या आठवड्यात खिडकीशी एक बुटका ओटा बांधून घेतला. गवंड्याने माप विचारले, तेव्हा मी त्याला दिवाळी अंकांची चळत दाखवली. गेल्या दिवाळीतल्या चकल्या आईने तिथेच बसून पाडल्या.

पाट आता भाऊबीजेलाच निघतो.