आईचे फडके

पाव शीतकपाटात ठेवावा, हा आमच्या घरातील तरुण मंडळींचा आग्रह. तो फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवावा, हा आईचा. शास्त्राने कौल आईला दिला आहे. पाव शिळा होतो तो केवळ वाळून नव्हे. त्यातील पिष्ट पुन्हा स्फटिकरूप होऊन घट्ट होते, आणि शून्य ते ५ अंश सेंटिग्रेडच्या थंडीत ही क्रिया फार त्वरेने चालते. बुरशी मात्र थंडीत मंदावते. पावसाळ्यात आईच्या पावावर लवकरच हिरवी झाक येते, हेही खरे!

पण तिचा मूळ आक्षेप निराळाच. पूर्वी शिंक्यावरचे उरलेले अन्न दिवेलागणीच्या आत कुणाच्या तरी मुखी लागे. या कपाटात ते आठ दिवस सुखाने पडून राहते. परवा तिने तळच्या खणातून पाच वाट्या काढून माझ्यापुढे ओळीने मांडल्या. एकाही वाटीतला पदार्थ मला ओळखता आला नाही.