धुळीची वाट

छंद म्हणून सुतारकाम करणाऱ्या माणसाला पाहुणे त्यानें केलेल्या चौरंगाविषयीं विचारतात. त्यापायीं किती भुसा उडाला हें कोणी विचारीत नाहीं. घरच्यांना तें विचारावें लागत नाहीं. घरामागच्या मोटारखान्यांत मीं गोल करवत आणि रंध्याचें यंत्र मांडल्यापासून वाळत घातलेल्या कपड्यांवर, लोणच्याच्या बरणीवर, फार काय, देव्हाऱ्यांतल्या बाळकृष्णावरहि सागवानाची पिवळसर पूड बसूं लागली. धूळ ओढणारा पंखा घ्यावा या माझ्या ठरावाला सौभाग्यवतींचें अनुमोदन मिळण्यास अधिक पुरावा लागला नाहीं.

पंखा घेणें सोपें. दुकानदार अश्वशक्तीचा आंकडा सांगतो आणि आपण मान डोलावतों. कठीण प्रश्न आहे तो पंख्यापासून यंत्रापर्यंत न्यावयाच्या नळीचा. वाङ्मयाच्या प्राध्यापकानें त्यावर महिनाभर डोकें शिणवावें याचें माझ्या सहकाऱ्यांना हसूं येतें. परंतु वृत्तांच्या मात्रा मोजण्यांत ज्याचा जन्म गेला, त्यानें एका वर्तुळाचा व्यास मोजण्याचा कंटाळा कां करावा?

सहज सुचणारी निवड म्हणजे यंत्राच्या तोंडाएवढी नळी. लहान यंत्रांचें तोंड बहुधा ४ इंचांचें असतें आणि सांडपाण्याची ११० मिलिमीटरची पीव्हीसी नळी कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळते. तेव्हां प्रश्न मिटला असें वाटतें. पण भुसा वाटेंत खालीं न बसतां वाहत राहावा यासाठीं हवेचा वेग मिनिटाला सुमारें ४,००० फूट लागतो. या वेगानें ४ इंची नळींतून मिनिटाला साधारण ३५० घनफूट हवा जाते, ६ इंची नळींतून ७८५. रुंदी दीडपट, हवा सव्वादोनपट! तेवढीच हवा अरुंद नळींतून रेटूं म्हटलें, तर नळीचा विरोध व्यासाच्या जवळजवळ पांचव्या घातानें वाढतो. म्हणजे ६ इंचांच्या जागीं ४ इंची नळी घातली कीं तो साडेसात पट होतो. लवचिक नळी दिसावयास सोयीची, पण तिच्या आंतल्या वळ्या हवेला पदोपदीं अडवितात. ती यंत्राजवळच्या शेवटच्या हातभर अंतरापुरतीच बरी. उलट पंखाच दुबळा असेल तर रुंद नळींत वेग मरतो आणि भुसा वाटेंतच बैठक मारतो, हेंहि विसरून चालत नाहीं.

नळी पत्र्याची कीं पीव्हीसीची, हा वाद मला गौण वाटतो. जस्ती पत्रा टिकाऊ आणि विद्युद्वाहक. पीव्हीसी स्वस्त, पण घर्षणविजेनें अंगाला धूळ चिकटवून घेणारी. तिच्याभोंवतीं तांब्याची तार गुंडाळणारे पुष्कळ आहेत. जी वस्तु मुळांतच वीज वाहूं देत नाहीं, तिला एका तारेनें काय लाभणार?

पण एवढी हवा हवीच कशाला? जमिनीवर पडणाऱ्या ढलप्या ४ इंची नळीहि उचलते, आणि खरें म्हणजे झाडूहि उचलतो. नळी घ्यावयाची ती न दिसणाऱ्या धुळीसाठीं. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा. फुप्फुसांत खोल शिरणारा कण १० मायक्रॉनहून लहान. तो जमिनीवर पडत नाहीं, तासन् तास हवेंत तरंगतो, आणि करवतीपाशींच भरपूर हवेनें त्याला ओढून नेलें नाहीं तर मग सांपडत नाहीं. इंग्लंडांतील हाय विकम हें गांव खुर्च्यांसाठीं प्रसिद्ध. त्या भागांतल्या लाकूडकामगारांत नाकाच्या पोकळ्यांचा एक एरव्हीं दुर्मिळ कर्करोग वारंवार आढळतो, हें तेथील डॉक्टरांच्या ध्यानांत आलें आणि १९६८ सालीं त्यांचा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें प्रसिद्ध झाला. १९९५ सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें लाकडाच्या धुळीला माणसांत कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गांत घातलें.

मीं १६० मिलिमीटरची नळी आणली. ती बसवावयास, ज्यांच्या हाताखालीं मी रंधा धरावयास शिकलों, ते मिस्त्री आले. शिडीवर चढतांना ते दोनदां खोकले. तो खोकला मी बारा वर्षें ऐकतों आहें.

“सर, भुशाला एवढा बोगदा कशाला?” त्यांनीं विचारलें.

“भुशाला नाहीं मिस्त्री, तुमच्या खोकल्याला,” मीं म्हटलें, आणि वरचें सारें त्यांना सांगितलें. हाय विकमचेंहि सांगितलें. तें सांगावें कीं नाहीं याचा विचार मीं आधीं दोन दिवस केला होता. मी रविवारीं दोन तास ही धूळ खातों आणि कंटाळा आला कीं दार लावून पुस्तक घेऊन बसतों. ते रोज दहा तास एमडीएफ कापतात आणि संध्याकाळीं पंचानें तोंड पुसून घरीं जातात.

ते कांहीं वेळ बोलले नाहींत. मग सांधा घट्ट बसवून म्हणाले, “माझ्या दुकानांत हें छत भरून कोण घालणार?”

छत भरण्याची जरूरीच नव्हती. त्यांचें मुख्य यंत्र एकच, मागच्या भिंतीला लागून. भिंतीपलीकडे मोकळी जागा. आम्ही दुसऱ्या दिवशीं टेप घेऊन गेलों. पंखा आणि पिशवी भिंतीबाहेर पत्र्याच्या आडोशाखालीं ठेवली, तर धूळ आंत परतण्याचा प्रश्न उरत नाहीं आणि नळी पुरते पांच फुटांची. वळण एकहि नाहीं. मिस्त्रींनीं कानावरची पेन्सिल काढून भिंतीवर साडेसहा इंचांचें वर्तुळ आंखलें, आणि छिन्नी हातोडा आणावयास पोराला हांक मारली.