पाळण्यातले पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, ही म्हण आमच्या शिक्षकांच्या खोलीत बहुतेक वेळा वाईटाच्या बाजूनंच निघते. एखाद्या पोरानं ताटली भिरकावली, कुणाच्या दंडाला कडकडून चावलं, धडा चालू असताना वर्गातून पळ काढला, की कुणीतरी ती उच्चारतं आणि बाकीचे मान हलवतात. तेवढ्यावर विषय मिटतो. मला ते मिटणं खटकतं. मूल अजून तिसरीत आहे आणि त्याचा निकाल मात्र पाळण्यातच लागून गेलेला.

पाय दिसतात म्हणजे नेमके कुणाला दिसतात? आईचं लक्ष बाळाच्या तोंडाकडे असतं, ते दूध ओढतंय की नाही याकडे. पाय दिसतात ते बारशाला आलेल्यांना, पाळण्याच्या पायथ्याशी उभं राहून बघणाऱ्यांना. शिवाय म्हणीतला पाळणा लाकडी, कड्यांचा, माजघरात टांगलेला असावा. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं झोळीत वाढलेली. सोयाबीनच्या निंदणाला आई गेली की धुऱ्यावरच्या निंबाला जुनं लुगडं बांधायचं आणि बाळ त्यात टाकायचं. झोळीत पाय दिसत नाहीत. कापड सगळीकडून मिटलेलं असतं. आत हालचाल होते, कापड एका अंगानं ताणलं जातं, एवढंच. तो हात आहे की पाय, भूक लागली आहे की मुंगी चावली आहे, हे जवळ जाऊन कापड बाजूला केल्याशिवाय कळत नाही.

आणि ही म्हण आम्ही म्हणतो कुठं बसून? कारंज्यात. नरसोबाच्या वाडीला, औदुंबरला, गाणगापूरला ज्यांच्या पादुकांची पूजा चालते, त्या श्रीनृसिंह सरस्वतींचे पाय पाळण्यात होते ते या गावात.

गुरुचरित्राच्या अकराव्या अध्यायात ती हकिगत आहे. चौदाव्या शतकातलं कारंजं. माधव आणि अंबा यांच्या पोटी मूल आलं ते ॐकार उच्चारतच. जातक वर्तवणाऱ्यांनी सांगितलं, हा मोठा तपस्वी होईल, सगळ्यांचा गुरू होईल. म्हणजे पाय दिसले होते, चांगलेच दिसले होते. पण पुढं हे मूल, म्हणजे नरहरी, त्या एका ॐकारापलीकडे काही बोलेचना. वर्ष गेलं, दोन गेली, सात गेली. आईबाप काळजीनं खंगले. उपाय सांगणारेही भेटलेच. रविवारी पिंपळाच्या पानावर जेवू घाला म्हणाले. मुंज ठरली तेव्हा लोकांनी विचारलं, मुक्या पोराला गायत्री शिकवणार कशी? आणि मुंजीत आईनं पहिली भिक्षा घातली तेव्हा त्यानं ऋग्वेद म्हटला, दुसरीला यजुर्वेद, तिसरीला सामवेद. जमलेली माणसं हात जोडून उभी राहिली.

पारायणात हा अध्याय आला की सगळ्यांचे कान मुंजीकडे लागलेले असतात. माझं मन अलीकडं त्या आधीच्या सात वर्षांत अडकून पडतं. ग्रंथाला तिथं फार थांबायचं कारण नाही. अंबेला मात्र ती एकेक दिवस काढावी लागली असणार. उत्तर येणार नाही हे ठाऊक असून सकाळी पोराशी बोलायचं. पाणवठ्यावर बायका गप्प झाल्या की का गप्प झाल्या ते ओळखायचं. शेजारच्या मुलांनी नरहरीला खेळात घेतलं असेल का? त्यानं कुणाला ढकललं असेल का? सांगता येत नाही म्हणून पोर ढकलतं, हे मी रोज बघते. ग्रंथ एवढं सांगतो, की आईनं विचारल्यावर त्यानं खुणेनं दाखवलं: कमरेला मेखला, खांद्यावर जानवं, मग बोलेन. मी विचार करते, तशा खुणा तो त्याआधीही करत असेल आणि कुणाच्या ध्यानात आल्या नसतील तर?

माझ्या वर्गातला एक मुलगा बोलतो भरपूर. त्याच्या खुणा वेगळ्या आहेत. खिचडीचं पातेलं व्हरांड्यात येतं, बाकं सरकतात, लोखंडी पाय फरशीवर खरवडतात. त्या आवाजाला तो दोन्ही तळवे कानांवर दाबतो आणि हनुवटी छातीत खुपसतो. मग शर्टाची कॉलर तोंडात जाते. कॉलर चावून ओली झाली, की पुढचा घास कुणाच्या तरी दंडाचा. एवढं उमगेपर्यंत पावसाळा सरला. आता पातेलं यायच्या आधीच त्याला ताटल्या मोजायला बाहेर पाठवते आणि पुष्कळदा दुपार शांत जाते. नेहमी नाही. परवा मोजता मोजताच त्यानं ताटली फेकली आणि एका मुलीची भुवई फुटली.

तिचे वडील आले. "मॅडम, त्याले दुसऱ्या शाळेत टाका. आमच्या पोरीनं काहून मार खायचा?" त्यांचं काय चुकलं? शिक्षण हक्क कायद्याचं 16 वं कलम सांगतं, की आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. 17 वं सांगतं, की त्याला मारता येत नाही, त्याचा मानसिक छळ करता येत नाही. दोन्ही कलमं मला मनापासून पटतात. पण तोच कायदा त्या मुलीचाही आहे, आणि टाके पडलेल्या भुवईकडे बघत बापाला कलम सांगायला माझी जीभ रेटेना.

मदत अगदीच नाही असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला, त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. डोळे, दात, हृदय यांच्याबरोबर वाढीतले, विकासातले दोषही त्यांनी बघायचे असतात. पथकापुढं तो शहाण्यासारखा उभा राहिला, जीभ दाखवली, वजन करून घेतलं. त्याचं दुखणं त्या दहा मिनिटांत दिसणारं नव्हतं. दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत. स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, मानसिक आजार आहे. अतिचंचलतेचं वेगळं नाव नाही. मुळात त्याला यातलं काही आहे की घरी जे बघतो ते तो वर्गात घेऊन येतो, हे मानसोपचारतज्ज्ञानं सांगायचं. त्यासाठी अकोल्याला जायचं, तर त्याच्या आईचा रोज बुडतो, आणि एका खेपेत काही भागत नाही.

त्याची आजी शाळेत आली होती. मी अकोल्याचं नाव काढलं तशी म्हणाली, "मॅडम, आपल्या गावातले महाराज सात वर्सं बोलले नाही. हे बी होईन बरोबर." त्या घरात पोरावर हात न उगारणारी ती एकटीच, आणि ती हात उगारत नाही ते या भरवशावर. हाच भरवसा अकोल्याची खेपही लांबणीवर टाकतो आहे. एकच गोष्ट पोराला सांभाळते आणि अडवतेही.

आणि होईल बरोबर, म्हणजे काय? नरहरी गावाच्या लक्षात राहिला, कारण तो बोलला. त्याच काळात कारंज्यात आणखी एखादं मूल असेल, मुंजीतही न बोललेलं, म्हातारं होऊन मुकंच गेलेलं. त्याच्या आईनं अंबेपेक्षा कमी केलं असेल असं मला वाटत नाही. तिच्यासाठी अध्याय नाही. मी ताटल्या मोजायला पाठवते, त्याच्या वहीत शेरे न लिहिता त्याची कॉलर बघते, हे सगळं तो सुधारेल म्हणून करते आहे का? तो आहे असाच आठवीपर्यंत राहिला, तर माझ्यानंतरच्या वर्गशिक्षकांनी हे का करावं, याचं उत्तर माझ्याजवळ असायला हवं. मनात आहे, पण परवाच्या प्रसंगानंतर ते मलाच पूर्वीइतकं ठाम वाटत नाही.

आजीचा भरवसा न मोडता तिला अकोल्याच्या गाडीत कसं बसवायचं, ते अजून सुचलेलं नाही. त्या मुलीला कुठं बसवायचं, हेही ठरलेलं नाही. तिला नीट दिसत नाही म्हणून तिची आई पुढचा बाक मागते, आणि पुढच्या बाकावर तो बसतो, कारण तो माझ्या हाताशी असावा लागतो.