बेलीफचं धुराडं

बेलीफ म्हटलं की आपल्याला कोर्टाचा बेलीफ आठवतो. पण हे एका शेतकऱ्याच्या घराचं नाव आहे, आणि अर्थ आहे चक्क तमालपत्र! इंग्लंडमध्ये वेस्ट ससेक्सच्या सिंगलटन गावाजवळ जुन्या घरांचं एक उघड्यावरचं संग्रहालय आहे, तिथे ते उभं आहे. लेकीकडे गेले होते तेव्हा दोनदा जाऊन पाहिलं.

मूळ घर तिथलं नव्हे. ते केंटमधल्या चिडिंगस्टोनचं. तिथे बो बीच नावाचा जलाशय बांधायचं ठरलं आणि घर बुडीत क्षेत्रात आलं. (बुडीत क्षेत्र म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजवायला नको.) मग एकेक लाकूड उतरवून घर हलवलं आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला नव्या जागी पुन्हा उभं केलं. सगळा सांगाडा ओकचा. खाचेत कुसू आणि वरून लाकडी खुंटी, त्यामुळे घर सुटतंही आणि जुळतंही. भिंती बघून तर मला हसूच आलं. अहो, कुडाच्या! काटक्या विणून वर माती, शेण, गवताचा लेप. आमच्या कोकणातल्या पडवीची सख्खी बहीण.

मधली मोठी खोली जमिनीपासून थेट छपरापर्यंत उघडी. मधोमध जमिनीवर विस्तव. धुराडं नाहीच, धूर वाट सापडेल तसा वर जाणार. खिडक्यांना काचा नाहीत, नुसते लाकडी गज आणि झडपा. एका टोकाला खाण्यापिण्याच्या सामानाच्या खोल्या, दुसऱ्या टोकाला मालकाची बाजू.

आता हेसुद्धा एका वेळचं बांधकाम नाही. मधला भाग १५व्या शतकाच्या सुरुवातीचा, मालकाचं टोक १६व्या शतकाच्या सुरुवातीचं. पुढे कुणीतरी त्या उघड्या खोलीत विटांचं धुराडं बांधलं, माळा घातला. संग्रहालयाने घर उभारताना ही नंतरची भर गाळली. वाशांवर बसलेली काजळी, गजांच्या रिकाम्या खाचा अशा खुणांवरून जुनं रूप परत आणलं. विद्यार्थ्यांना दाखवायला हे उत्तमच. उघड्या खोलीत उभं राहिल्याशिवाय ती कळत नाही, हे शिक्षिका म्हणून मला मान्य आहे.

पण मला त्या धुराड्याची चुटपुट लागली. चुलीपुढे डोळे चोळत जन्म काढलेल्या पिढ्यांनंतर ज्या बाईच्या घरात पहिल्यांदा धूर नळीतून बाहेर गेला, तिच्यासाठी तेच खरं घर नव्हतं का? इंग्लंडमध्येच विल्यम मॉरिस वगैरे मंडळींनी १८७७ साली जुन्या इमारती जपण्यासाठी एक संस्था काढली. त्यांचं म्हणणं हेच, की जुनं रूप आणण्याच्या नादात मधल्या पिढ्यांचं काम खरवडून टाकू नका. वास्तू दुरुस्त ठेवा, तरुण करू नका.

हे सगळं आज लिहायचं कारण घरच्यांना कळलं असेलच. आमच्या सासरचं घर 'मूळ स्वरूपात' आणून तिथे पाहुणे ठेवायचा पुतण्याचा बेत आहे. बेत चांगला आहे, छप्पर गळतंय आणि पैसे कुठून तरी यायलाच हवेत. पण त्याच्या नकाशात सासूबाईंचा ओटा नाही. माजघरापलीकडे भिंत फोडून, सासऱ्यांशी दोन वर्षं वाद घालून त्यांनी उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा आणि धूर जायला वर उघडं कौल करून घेतलं होतं. सिमेंटचा आहे, बेढब आहे, कबूल. 'नंतरची भर' म्हणून तो पाडायचा तर मूळ म्हणजे नक्की कोणतं साल धरायचं? पडवीसुद्धा नंतरचीच आहे, आणि ती मात्र फोटोत छान दिसते म्हणून राहणार!

माझं मत ओटा राहू द्यावा. पाडायचाच ठरला तर आधी मापं घ्या, चारी बाजूंनी फोटो काढा. आणि त्या ओट्यापुढे उभ्या असलेल्या सासूबाईंचा एखादा जुना फोटो कुणाच्या अल्बममध्ये असेल तर मला पाठवा. आमच्याकडे एकही नाही.