यंदाची सुट्टी : हर्णैच्या किनाऱ्यावर चार दिवस

परीक्षा संपल्या की आपल्या वस्तीतल्या मुलांचा एकच प्रश्न असतो, "आपण कुठे जाणार?" आणि बहुतेक घरांतले उत्तर ठरलेले असते. मामाच्या गावाला, नाहीतर कुठेच नाही. डिसेंबरात चैत्यभूमी आणि दसऱ्याला दीक्षाभूमी हे आपले प्रवास. ते अभिवादनासाठीचे, आणि ते व्हायलाच हवेत. पण केवळ विसाव्यासाठी, मुलाबाळांसह चार दिवस समुद्रकाठी जावे, हा विचार आपल्या कष्टकरी घरांना अजूनही चैनीचा वाटतो. वर्षभर कारखान्यात, कचऱ्याच्या गाडीवर, दुसऱ्यांच्या घरच्या धुण्याभांड्यांत राबणाऱ्या माणसाला विसावा ही चैन कशी काय? म्हणून आम्ही दोन शेजारी कुटुंबांनी मिळून बेत केला, आणि तो कसा जमवला ते वाचक बंधुभगिनींसाठी लिहीत आहोत.

ठिकाण निवडले रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्याचे हर्णै. मोठ्या हॉटेलांचा झगमगाट नसलेले हे लहानसे मासेमारी बंदर दापोलीपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे. आणि या तालुक्याशी आपले नाते जुने आहे.

आधी पैशांचे बोलू. दिवाळीपासून दोन्ही घरांनी दरमहा ठरावीक रक्कम भिशीसारखी बाजूला टाकली. रेल्वेने जायचे तर कोकण रेल्वेच्या खेड स्थानकावर उतरावे, तेथून एस.टी.ने दापोली आणि पुढे हर्णै. थेट एस.टी.नेही जाता येते. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट सुरू झाले. बारा वर्षांखालील मुलांना अर्धे तिकीट आहेच, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून मोफत प्रवास मिळाला. आजी, दोन बाया आणि चार मुले धरली तर खर्च पुष्कळ उतरतो. आधार कार्डे मात्र आठवणीने बरोबर घ्यावीत.

दिवस कोणते निवडायचे? जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, किल्ल्याकडे होडीही जात नाही. तेव्हा दिवाळीची सुट्टी किंवा एप्रिल-मेचा पहिला पंधरवडा बरा. त्यातही तिथी पाहावी. शुभ-अशुभासाठी नव्हे हो, समुद्रासाठी! भरती-ओहोटी चंद्रामुळे होते, आणि कोकणातली जुनी माणसे तिचा हिशेब तोंडी करतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते, पाणी जोराने चढते आणि तितक्याच जोराने ओढून नेते. दरवर्षी कोकणात पर्यटक बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. म्हणून आम्ही घरातच नियम केला होता की पाणी उतरत असताना कोणी आत जायचे नाही, मुलांनी गुडघ्यापुढे जायचे नाही, आणि दारू प्यालेला माणूस आपल्या गाडीतच नको.

आता मुक्कामाचे. फोनवर चौकशी करताना एका ठिकाणी खोलीचा दर ठरला, जेवणाचे ठरले, आणि मग नाव-गाव विचारले गेले. आडनाव सांगताच पलीकडचा आवाज बदलला. दोन तासांनी निरोप आला की खोल्या भरल्या आहेत. आमच्या धाकट्या मुलीने विचारले, "आडनावाने खोली कशी भरते?" तेव्हा त्या रात्री आम्ही मुलांना एक जुनी गोष्ट सांगितली.

१९०१ साल. सुभेदार रामजी नोकरीनिमित्त खटाव तालुक्यातील गोरेगावला होते. त्यांनी सुट्टीसाठी मुलांना साताऱ्याहून बोलावले. नवे कपडे शिवून, मोठ्या उत्साहाने लहानगा भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले आगगाडीने मसूरला उतरली. जात कळताच स्टेशन मास्तर मागे सरला. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही मुलांनीच गाडी हाकायची या अटीवर. शिदोरी बरोबर होती, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. ती एका मुलाची उन्हाळ्याची सुट्टी होती. पुढे त्याच मुलाच्या हातून घडलेल्या संविधानाच्या कलम १५ ने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी आणि तलाव सर्वांना खुले केले. म्हणून आम्ही बेत रद्द केला नाही. दुसरे घर शोधले. तेथे आडनाव पहिल्याच वाक्यात सांगितले. त्या बाईंनी एवढेच विचारले, "मासे खाता ना?"

पहिल्या संध्याकाळी बंदरावर गेलो. होड्या परतू लागल्या की बैलगाड्या पाण्यात शिरतात, टोपल्या किनाऱ्यावर येतात आणि वाळूतच लिलाव सुरू होतो. सुरमई, पापलेट, बांगडा, कोळंबी यांचे ढीग लागतात आणि कोळणींचे आवाज चढतात. डोक्यावर पाणी गळणारी टोपली घेऊन चढण चढणारी माणसे पाहिली की कष्ट म्हणजे काय ते मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशी होडीने सुवर्णदुर्ग पाहिला. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा हा जलदुर्ग. पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तो १७५५ मध्ये तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत तोही आहे. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला हे जोडदुर्ग पायीच पाहता येतात.

तिसरा दिवस वणंदचा. दापोलीजवळचे हे गाव म्हणजे माता रमाईचे जन्मगाव. जन्म ७ फेब्रुवारी १८९८. त्यांचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरातून मासळीच्या टोपल्या डोक्यावरून बाजारात नेऊन पोहोचवीत. ही ओळ आपण जयंतीच्या भाषणात अनेकदा ऐकतो. पण आदल्या संध्याकाळी त्या टोपल्या पाहून वणंदच्या स्मारकासमोर उभे राहिलो, तेव्हा आमच्या आजीच्या डोळ्यांतले पाणी थांबेना. आई-वडील गेल्यावर ही पोर मुंबईला आली आणि १९०६ मध्ये भायखळ्याच्या मासळी बाजारात तिचे लग्न लागले. मासळीच्या त्या वासातूनच रमाईचे सारे बालपण गेले.

दापोली कॅम्प ही त्या काळी लष्करी पेन्शनरांची वस्ती. लष्करातून निवृत्त होऊन आलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहिले. सुभेदार रामजीही निवृत्तीनंतर सहकुटुंब काही काळ येथेच राहिले. दुपारी पन्हाळेकाजीला गेलो. कोटजाई नदीकाठी एकोणतीस लेणी आहेत. सर्वांत जुनी थेरवादी भिक्खूंची, साधारण तिसऱ्या शतकातील. पुढे वज्रयान आणि नाथपंथ यांच्या खुणाही तेथे आहेत. जवळच्या दाभोळ बंदराच्या व्यापारामुळे भिक्खूंना आधार मिळाला असावा. तेथे खाण्याचे काही मिळेलच असे नाही, म्हणून डबा आणि पाणी बरोबर न्यावे. कचरा परत आणावा.

परतताना मंडणगडमार्गे यावे. वाटेत आंबडवे, बाबासाहेबांचे मूळ गाव. पुढे महाडला चवदार तळे. १९२७ चा २० मार्च मुलांना पाठ असतो, आता त्यांनी त्या पाण्याचा काठही पाहावा.

एक सूचना घरच्या पुरुषांना. चार दिवस तेथेही चूल घरच्या बाईच्याच माथी मारली तर तिची सुट्टी कुठे गेली? जेवण यजमानांकडे सांगावे, आणि डबा भरायचाच झाला तर तो पुरुषांनी भरावा. आमच्याकडे चौथ्या दिवशी घरातल्या बाया सकाळी आठपर्यंत झोपल्या होत्या. लग्नानंतर पहिल्यांदाच, असे त्यांनीच सांगितले.

तेव्हा बंधुभगिनींनो, पुढच्या पगारापासून थोडेथोडे बाजूला टाका, दोन-तीन घरे मिळून बेत करा, आणि मुलांना समुद्र दाखवा. जयभीम!